लांडग्याच्या येरझाऱ्या

पुणे, रविवार

तीर्थरूप आबांना दिग्विजयचा दंडवत.

आम्ही खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? आज हर्षाली आणि दीपूसोबत छोटं प्राणिसंग्रहालय पाहिलं. सशांना गाजर चारताना दीपू लई हसली.

पुढं पिंजऱ्यात लांडगा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसता फिरत होता. दीपू म्हणाली, "पप्पा, आपल्या गॅलरीत आजोबा असेच फिरायचे ना?"

दिवाळीत तुम्ही फिरायचात, वळताना मेंढरं वळवल्यागत तोंडानं 'हुर्र' करायचात. घरी आल्यापासून रिकाम्या गॅलरीतून तोच आवाज येतोय.

मेंढरं विकून कायमचे इथं या, म्हणून मी सभेत बोलावं तसा तुमच्यापुढं तावातावानं बोललो. तुम्ही गप्प झालात. त्यालाच मी होकार समजलो.

आबा, मेंढरं लोहाऱ्याच्या बाजाराला नेऊ नका.

तुमच्या पायांवर डोकं ठेवून,
दिग्विजय