बंगल्यावरची चूल

९ नोव्हेंबर १९९४
आज पुन्हा भाकरी जळाल्या. मी नाही जाळल्या, त्यांनी जाळल्या! धुराड्याची दांडी अर्धी आत सारून मी पीठ मळायला बसले होते. मान वर करते तर दांडी सगळी बाहेर, जाळ भडकलेला, तव्यावर कोळसा. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला सांगत होत्या, "साळंतली पोरं ऐकत्यात हिचं, चूल ऐकंना."

१० नोव्हेंबर
रात्रभर डोकं तापलेलं. लिहून तरी निवेल.
मामंजी कालव्यावरच्या बंगल्यात खानसामा होते. साहेबाची जुनी लोखंडी चूल लिलावात निघाली, ती त्यांनी बैलगाडीत घालून इंदापूरला आणली. वर चार झाकणं, पोटात भट्टी, मागं धुराडं आणि त्यात ही दांडी. बाहेर ओढली की जाळ वाढतो, आत सारली की कमी होतो. एवढंच तर आहे! पण दांडीचा मान आत्यांचा. चुलीच्या पत्र्याच्या जरा वर तळवा धरायचा. चटकन मागं घ्यावा लागला तर भाकरीचा जाळ, धरवला तर भाताचा. मामंजींनी त्यांना शिकवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुज्या हाताला न्हाय कळायचं."
माझ्या हाताला सगळं कळतं. करू देत नाहीत.

१४ नोव्हेंबर
गॅसचा नंबर अजून लागला नाही. धम्मदीप म्हणतात, जरा दम धर. लग्न झाल्यापासून तेच करते आहे.

२० नोव्हेंबर
नणंदेला, तेजश्रीला बघायला कोऱ्हाळ्याचे पाहुणे आले. सकाळपासून मी खिरीजवळून हलले नव्हते. पाणी द्यायला बाहेर गेले, परत येते तर आत्या चुलीपाशी. तळवा पत्र्यावर टेकवला, मग दांडी खस्सकन बाहेर ओढली. मी धावले, पण खीर लागली ती लागलीच. घरभर वास.
"दांडी का ओढली?"
"इस्तू इझत आला व्हता."
इतकं धडधडीत खोटं! विस्तव विझतोय कुठला, झाकणापाशी उभं राहवत नव्हतं. वर पाहुण्यांसमोर, "सून नवी हाय, सांभाळून घ्या." नवी? तीन वर्षं झाली! पाहुणे कळवतो म्हणून गेले. तेजश्री रडत बसली आणि माझ्याशी बोलेना. तिलाही वाटतं मीच जाळली.

२१ नोव्हेंबर
धम्मदीपना स्पष्ट सांगितलं. तुमचा कारखाना भवानीनगरला, तिकडेच खोली बघा. ह्या घरात ती चूल तरी राहील नाहीतर मी.
म्हणाले, "आईचं काय?"
म्हटलं, "राहू देत चुलीसोबत."
बोलले ते बोलले. मागं घेणार नाही.

२५ नोव्हेंबर
खोली मिळाली. एक तारखेला जायचं. धम्मदीपनी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या लाकडं निवडत होत्या. वर बघितलंसुद्धा नाही.
"जावा. चूल मातुर हितंच ऱ्हाईल."
लेक चालला आहे आणि ह्यांना चुलीची काळजी! मी मुद्दाम भांडी आपटत घासली.

२८ नोव्हेंबर
भांडी पोत्यात भरत होते. करपल्याचा वास आला. म्हटलं, आता काय जाळलं? बघते तर चुलीवर काहीच नाही. आत्या तापल्या पत्र्यावर तळवा टेकवून उभ्या, दुसरा हात दांडीवर. मी ओढलंच त्यांना. तळव्याचं कातडं सोललं होतं, त्याखाली जुन्या भाजल्याचे काळे डाग.
त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. "का वडतीस गं? गारच हाय की. लई दिस झालं, कितीबी लाकडं घाला, ही तापतच न्हाय."
हात पाण्यात धरला. उद्या दवाखान्यात नेते. पोतं तसंच पडलं आहे.
दांडी मी आत सारली.