हरवलेल्या माणसांची कचेरी

दि. २ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नाटक आणि शिक्षण हे दोन विषय एकाच पदवीत शिकवतात, हे तुझ्या आईच्या अजून गळी उतरलेलं नाही. मुलगी वर्गात तोंडाला रंग फासून उभी राहणार, असं ती शेजारीपाजारी सांगत फिरते. मी तिला म्हटलं, निवृत्त होईपर्यंत तीस वर्षं कचेरीत मी तरी वेगळं काय केलं.

तू पाठासाठी मागितलेले आमच्या कचेरीचे कोरे फॉर्म सोबत आहेत. नमुना रद्द झालाय, रद्दीतच जायचे होते. एक जुना शिक्काही टाकलाय. अक्षरं झिजलीत, पण गोल छान उठतो. कागद खरा वाटायला हवा असेल तर तारखेवर थोडी शाई पसरू दे. आमच्याकडून एकही कागद कधी स्वच्छ बाहेर पडला नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. आईला दोन ओळी टाक, म्हणजे ती माझं डोकं खाणार नाही.

तुझा मामा

दि. १९ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल पाठ झाला आणि सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले. आईला हे तुम्हीच सांगा, माझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही.

या पद्धतीत शिक्षिका सोंग घेते आणि मुलंही घेतात. वर्ग म्हणजे पूर ओसरलेलं गाव आणि मी हरवलेल्या माणसांच्या कचेरीतली साहेब. मुलांनी रांगेने यायचं, आपलं माणूस कसं दिसतं ते सांगायचं, आणि त्यातून वर्णन करायला शिकायचं. आठ वर्षांच्या एका मुलीने तर कमाल केली. तिचे वडील बोगद्याच्या कामावरून परत आले नव्हते. उजव्या भुवईवर व्रण, सदऱ्याचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं. टेबलाची कड घट्ट धरून तिने सगळं सांगितलं. मी फॉर्मवर लिहिलं, ‘शोध सुरू आहे, पंधरा दिवसांत कळवू,’ आणि शिक्का मारला. आमच्या प्राध्यापकबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. इतकं खरं काम त्यांनी या वर्षी पाहिलं नव्हतं म्हणे.

शेवटी गोलात बसून प्रत्येकाने सोंग उतरवायचं असतं. तेवढं घंटेमुळे राहिलं. त्याचे दोन गुण कापले.

तुमच्या फॉर्मांची सगळ्यांनी तारीफ केली. अशीच माया राहू द्या.

आपली भाची

दि. ६ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

त्या मुलीचं नाटक नव्हतं. तिच्या वर्गशिक्षिकेने आज मला बोलावून सांगितलं.

चार महिन्यांपूर्वी बोगदा खचला, त्यात तिचे वडील गेले. मुकादम घरी येऊन सांगून गेला, पण प्रेत निघालंच नाही. आई कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावते. तिने मुलीला काम लांबलंय एवढंच सांगितलं होतं. मुलीने माझा कागद घरी नेऊन आईला दिला. पंधरा दिवस उलटल्यावर आई रजा काढून फॉर्मवर छापलेल्या खऱ्या कचेरीत गेली आणि तीन दिवस रांगेत उभी राहिली. कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला, शेजारच्या टेबलांवर फिरवला, सगळे हसले. मग फॉर्म कुठून चोरला म्हणून तिलाच दरडावलं.

प्राध्यापकबाई म्हणतात, माफीचं पत्र पाठव आणि हा अनुभव प्रबंधात घाल, असं उदाहरण सहसा मिळत नाही. मला त्यांचं तोंड पाहवत नाही. पदवीच सोडून द्यावी असं वाटतंय. माफीचं पत्र लिहिलंय, अजून टाकलेलं नाही.

काय करू ते कळवा. रागावलात तरी कळवा.

आपली भाची

दि. १० सप्टेंबर

चि. पोरी,
आशीर्वाद.

ते पत्र फाडून टाक. तशी पत्रं मी जन्मभर लिहिली. ज्याचं काही होणार नाही हे मला टेबलावरच कळायचं, त्यालाही पुढच्या महिन्यात या म्हणायचो. तोंडावर सांगायची छाती नव्हती. त्या कारकुनाच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो, हे लिहिताना शरम वाटते. फॉर्म माझे होते, तेव्हा या पापात माझाही वाटा आहे.

तू स्वतः जा. त्या मुलीच्या आईसमोर उभी राहा आणि ती बोलेल ते ऐकून घे. पदवी सोडायचं नंतर बघू. आत्ता सोडलीस तर ती पळवाट होईल.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही.

मामा

दि. १५ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

काल त्यांच्या घरी गेले होते. एकच खोली, टेबलावर डब्यांच्या झाकणांत रंगवार बटणं. मुलीच्या आईंनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मुकादमाचं त्यांनी मानलं होतं, पण कागद आल्यावर त्यांनी नवऱ्याचे सदरे पुन्हा धुऊन ठेवले. आता पोरीला सांगायचं त्राण उरलं नाही, ते मीच सांगावं.

मुलगी शाळेतून आली. मी तिला जवळ बसवलं. ती कचेरी खोटी होती, बाबा बोगद्यात गेले, आता येणार नाहीत, असं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग तीच माझी समजूत काढू लागली. मी तर शिकवायची बाई, मला कसं माहीत असणार. ते साहेबांना माहीत असतं. पंधरा दिवस होऊन गेले खरे, पण कचेरीत उशीर होतोच, असं आई म्हणते.

मी तिच्या आईकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मी उठून टेबलापलीकडे गेले आणि साहेबांच्या आवाजात वडिलांचं नाव, वय, भुवईवरचा व्रण, सगळं म्हटलं. मग शोध संपला असून ते वारले आहेत, असं सांगितलं. तिने विचारलं, की साहेबांनी नीट शोधलं होतं ना. मी हो म्हणाले. तेव्हा ती रडली.

तुमची माया या वेळी थोडी आटली तरी माझी तक्रार नाही.

आपली भाची