तळ्यावरचा धूर आणि परदेशी गिऱ्हाईक

गुरुजी, एक गंभीर तक्रार आहे, आणि ती सावकाश ऐकून घेण्याइतका वेळ सध्या फक्त तुमच्याकडेच आहे. हल्ली चर्चासत्राला गेलं की गळ्यात फितीला लटकणारी एक पाटी अडकवतात. त्या फितीची लांबी कोणत्या शास्त्राने ठरते ते मला उमगलेलं नाही, पण जेवायला वाकलं की पाटी बरोबर वरणाच्या वाटीत स्नानाला उतरते. परवा माझ्या पाटीवर 'आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योजकता' असं छापलेलं होतं. व्यापार बुडाला, उद्योजकता तेवढी कोरडी राहिली. यजमानांना दाखवलं तर ते म्हणाले, "सर, पुढच्या साली छोटी फीत आणू." संशोधनाच्या शिफारशी इतक्या लवकर मान्य होताना मी प्रथमच पाहिलं.

तुमच्या मेहकरच्या ओसरीवर तर्काचं न्यायशास्त्र घोकलेला मुलगा या पाटीखाली कसा आला, असं तुम्ही विचाराल. संस्कृत घेऊन बी.ए. झालो आणि नोकरीच्या आशेने वाणिज्याकडे वळलो, तेव्हा तुम्ही रागावला नव्हता. पानाला चुना लावत एवढंच म्हणालात, "जाय बे. तिथंबी अनुमानच करतेत, फक्त पैशाचं." तेच करतो आहे. आपल्या जिल्ह्यातले जे लहान उद्योजक मुंबई-पुण्याला वळसा घालून थेट परदेशात माल विकू लागले, त्यांना ते कसं जमलं, हा माझा विषय. मला त्याचं खरंच कुतूहल आहे. पिंपळगाव राजा या गावचा एक गृहस्थ आजवर विमानात बसलेला नाही, पण दुबईच्या बाईला तिखटाचा रंग किती लाल लागतो ते त्याला पक्कं ठाऊक आहे. हे कुठून येतं? अशा लोकांशी वर्षानुवर्षं बोलून मी निष्कर्ष काढला: नवं काही करून पाहण्याची खोड, धोका पत्करायची तयारी आणि परदेशी गिऱ्हाइकाशी जमलेला विश्वास. ही तीन जिथे आहेत, तिथे धंदा चालतो. टाळ्या पडल्या, शालीही मिळाल्या.

आता घरातली गोष्ट. मुलगी अन्नतंत्र शिकून नाशिकला चांगल्या नोकरीत आहे. गेल्या महिन्यात ती सुट्टीवर आली आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसली. आपल्या घाटातलं सीताफळ तुम्हाला माहीत आहे. त्याचा गर तापवला की कडू होतो, रंगही बिघडतो. तो न तापवता वाळवायची काहीतरी युक्ती तिने काढली आहे. दुधात कालवून माझ्यासमोर वाटी ठेवते, आणि मी घोट घेईपर्यंत स्वतः श्वास रोखून उभी राहते. "कडू लागते?" नाही लागत, गुरुजी. अजिबात नाही. आखातातल्या एका आइस्क्रीमवाल्याने नमुना मागवून आणखी हवं म्हणून कळवलंय. ती नोकरी सोडायचं म्हणते. "बाबा, तुम्ही अख्ख्या जिल्ह्याला सांगता. मला सांगा ना, सोडू का?"

मी म्हणालो, थोडा विचार करू दे. आणि विचार करायला बसलो तर तुम्ही आठवलात. थंडीतली पहाट. तुम्ही आम्हाला गावाबाहेरच्या तळ्यावर नेलं आहे. पाण्यावरून पांढरे लोट उठताहेत. 'डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे' हे अनुमान आम्ही नुकतंच पाठ केलेलं. मी उत्साहाने ओरडतो, "गुरुजी, तळ्यात आग आहे, कारण धूर दिसतो!" तुम्ही घोंगडी सावरत म्हणता, "मंग जाय, चहा ठिव त्याच्यावर." सगळे हसतात. मग तुम्ही समजावता की ते धुकं आहे, धूर नव्हे. धूर आणि आग सोबत असतात हे पाहायला स्वयंपाकघर पुरतं. पण जिथे आग नाही, तिथे धूरही नाही ना, हे पाहायला तळ्यावर यावं लागतं. "जिथं हाय तिथं सारेच पाहतेत. जिथं नाई तिथं कोण जाते बे?"

मी गेलोच नव्हतो. माझे सगळे उद्योजक चालू धंद्याचे. कुलूप लागलेल्या शेडमध्ये जाऊन मी कुणाला काही विचारलेलं नव्हतं.

म्हणून गेल्या रविवारी आपल्याच जिल्ह्यातल्या उंद्रीला गेलो. तिथला एकजण पूर्वी वाळवलेला कांदा बाहेर पाठवायचा. आता त्याच्या शेडमध्ये लग्नाच्या मंडपाचं सामान असतं. लाल गादीची, सोनेरी पायांची एक खुर्ची त्याने माझ्यासाठी काढली, नवरदेवाची.

"सर, बंद पडलेल्याचीबी मुलाखत घेता काय?"

"घ्यायला आलोय."

"मंग चहा लागते. धंदा चालू असता तं पाण्यावर भागवलं असतं."

मी नेहमीचे प्रश्न काढले. नवीन काय केलं? "उन्हात कांदा पिवळा पडे. म्या काळ्या पत्र्याची पेटी बनवली, खालून हवा सोडली. पांढराशुभ्र निंगे." धोका पत्करला? "पत्करला नाई तं काय! घरची म्हणे, हा माणूस येडा झाला." आतून आवाज आला, "म्हणे नाई, आताबी म्हणते." परदेशी गिऱ्हाइकाशी विश्वासाचं नातं होतं? "भाऊ म्हणे तो मले. दिवाळीले त्याचा फोन, ईदले माह्या." मग बिघडलं कुठे? त्याने बशीतला चहा संपवला. "काई बिघडलं नाई, सर. एक दिवस त्यानं फोन उचलणं बंद केलं. काऊन, ते मले आजवर समजलं नाई. तुमाले समजलं तं सांगजा."

गुरुजी, तिन्ही होतं. पिंपळगावच्या गृहस्थाने जे सांगितलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. कारण हजर आणि कार्य गायब, अशा हेतूला न्यायशास्त्रात 'व्यभिचारी' म्हणतात; ते शोधनिबंधात लिहिलं तर प्राचार्य मला खोलीत बोलावतील. परतीच्या वाटेवर मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मजा वाटत होती. मग फरक पडतो कशाने? वेळेने? मधल्या दलालाने? की तिकडच्या माणसाच्या घरी असं काही घडतं, जे आपल्याला इथून दिसणारच नाही? आणखी बंद शेड शोधायच्या ठरवल्या आहेत. दोन-तीन वर्षं त्यात आनंदात जातील.

पण मुलीला उत्तर येत्या रविवारी हवंय. सोमवारी ती राजीनामा देईल किंवा देणार नाही. 'मला ठाऊक नाही', एवढंच तिला म्हणायचं आहे. तीनदा फोन हातात घेतला आणि तिच्याशी हवापाण्याचं बोललो. तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र तुम्हाला धाडता येत नाही, हे एका परीने बरं, नाहीतर तुम्हीही मला तळ्यावर उभं करून हसला असता. तिचा धंदा बुडेल याची मला तेवढी भीती नाही, ती तरुण आहे, सावरेल. भीती वेगळीच आहे. मी 'कर' म्हटलं तर ती करेल आणि 'नको' म्हटलं तर सोडून देईल, कारण बापाला यातलं कळतं असं तिला मनापासून वाटतं.