अप्पांचा ब्रिटिश पासपोर्ट

अप्पा,

आज ऑफिसातल्या एका मुलीच्या वडिलांचं ग्रीन कार्ड झालं. तिनं सगळ्यांना पेढे दिले. मी माझा पेढा हातात धरून बसले, खाववेना. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी आज लिहायला बसले आहे.

नैरोबीचं स्वयंपाकघर आठवतं. केनिया नुकताच स्वतंत्र झालेला, कुठलं नागरिकत्व घ्यायचं ते दोन वर्षांत ठरवायचं होतं. आई पोळ्या लाटतेय आणि रेल्वेच्या कचेरीतून आलेले तुम्ही कोटही न काढता म्हणता, "ब्रिटिशच राहू. त्यांच्याकडे शब्दाला किंमत आहे." आई विचारते, "आणि त्यांनीच नको म्हटलं तर?" तुम्ही नुसते हसता. पुढे काही वर्षांतच त्यांनी कायदा करून तुमच्यासारख्यांना दार लावलं. केनियाचे नागरिक नाही म्हणून तिथली रेल्वेतली नोकरीही गेली. आपण पुण्याला आलो, आणि घरात मराठीशिवाय न बोलणारे तुम्ही तिथे परदेशी म्हणून राहण्याची मुदत वाढवून घ्यायला रांगेत उभे राहू लागलात.

त्र्याऐंशीत ब्रिटनचा आणखी एक कायदा आला. त्यानंतर मिळालेल्या पासपोर्टवर तुम्ही ब्रिटिश होतात, पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नव्हता. तोवर आई गेली होती. मी इथे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये. म्हटलं, निदान सहा महिने या. अमेरिकन व्हिसाच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "अमेरिकेतून परत कुठे जाणार?" तुम्ही मला फोनवर हसत सांगितलंत, "अगं, प्रश्न साधाच होता. मला उत्तर येईना." व्हिसा नाकारला गेला. ते हसू मला अजून ऐकवत नाही.

एकच वाट उरली होती. मी अमेरिकन नागरिक झाले असते तर वडील म्हणून तुम्हाला कायमचं बोलावता आलं असतं. दर रविवारी तुम्ही विचारायचात, "अर्जाचं कुठवर आलं?" मी म्हणायची, "अप्लाय केलंय अप्पा, प्रोसेस व्हायला वेळ लागतो." अशी दोन वर्षं गेली, आणि एका दुपारी तुम्ही गेलात. मी पुण्याला पोचले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझ्याकडून पोहे करायला शिकले गं. म्हणायचे, अमेरिकेत लेक नोकरी करते, तिथे गेल्यावर तिच्यावर भार नको." जन्मात कधी गॅस न पेटवलेले तुम्ही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तो अर्ज मी दिलाच नव्हता. फॉर्म आणून ठेवला होता. लग्नानंतर मला भारताचा पासपोर्ट मिळाला होता. माझा देश म्हणावा असा आयुष्यातला तो पहिला कागद, अमेरिकन होण्यासाठी तो सोडवेना. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, "राहू दे, नको सोडूस." आणि मग तुम्ही की तो पासपोर्ट, ही निवड मला उघडपणे करावी लागली असती.

म्हणून सांगितलं नाही.