सृष्टीचा नंबर

शिरड शहापूर,
दि. १४ डिसेंबर २००५

ती. रुख्मिणआक्का,

सुमनचा नमस्कार. घरी सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा हाय? नुसती हळद लावून बसू नका, डॉक्टरला दाखवा. तुरीच्या शेंगा भरल्या. म्हैस व्यायली, पारडी झाली.

फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाईत, म्हणून लिवते. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं यील, पण मधीच टाकून देऊ नका, सगळं वाचा.

बोलणं काय झालं व्हतं ते दोघींच्या ध्यानात हाय. औरंगाबादच्या स्पर्धेत सृष्टीचा नंबर आला तर बारावीपर्यंत थांबायचं. न्हाई आला तर याच महिन्यात तुमच्या विश्वंभरसंगं सुपारी फोडायची. शब्द म्याच दिला, तुमच्या औंढ्याच्या ओसरीवर, चार माणसांत.

परवा औरंगाबादहून आलो. नंबराचं सांगते, आधी बाकीचं ऐका.

तुमाला वाटतं पोरगी पायाला चाकं बांधून नुसती पळते. तसं न्हाई. फरशीवर गोल आखलेले असतेत. एका पायावर त्या रेघेवरून जायचं, रेघ सोडायची न्हाई. मग गाणं लागतं आन त्यावर गिरक्या, उड्या, उलटं पळणं. याला फिगर स्केटिंग म्हणतेत. हिंगोलीच्या शाळेत देविदास सर शिकवतेत, बाकीचं ती आपल्या हळद वाळवायच्या सिमेंटच्या खळ्यावर शिकली. गोल म्याच आखून दिले, मधी खुंटी ठोकून, सुतळी फिरवून, चुन्यानं. शेजारची नीलाबाई म्हणली, "सुमे, पोरगी नाचवून राहिली का खळ्यावर?" म्या म्हणलं, "व्हय. तुझी बसून राहिली ना घरी, तिलाबी धाड."

फ्रॉक आखूड व्हता. हे तुमाला दुसऱ्याकडून कळायच्या आधी मीच सांगते. तुमचे भाऊ पहिल्यांदा पाहून छताकडंच बघत बसले. मग हळूच म्हणले, "मोजे हायत ना पायात?" म्या म्हणलं, हायत. मग बघू लागले.

आता माझा येडेपणा. औरंगाबादच्या हॉलातली फरशी अशी गुळगुळीत की मुंगी घसरावी. आपल्यात बोअर मारला तरी नारळ फुटतो, ट्रॅक्टर आला तरी फुटतो. पोरगी पहिल्यांदा एवढ्या लांब उतरून राहिली, तिला नारळाबिगर कशी सोडू? पिशवीत घेऊनच गेले व्हते. तिचं नाव पुकारलं तसा काठावर फोडला. पाणी गेलं थेट आत.

"ओ मावशी, ये क्या कर दिया!" एक माणूस ओरडत आला. सगळा हॉल माझ्याकडं बघाया लागला. तुमच्या भावानं खांद्यावरचा टॉवेल काढला आन गुडघ्यावर बसून फरशी पुसली, एवढ्या लोकांत.

पण पाण्याचा एक वघळ राहिला. गाणं अर्ध्यात आलं, पोरगी उलटी येत व्हती एका पायावर, आन बराबर तिथंच चाक गेलं. धाडकन पडली. कोपर फुटलं.

मी उठले. म्हणलं, झालं, आणावं तिला बाहेर. पायरी उतरेपर्यंत ती उभी व्हती. गाणं पुढं गेलेलं, तिनं पळत गाठलं. उरलेल्या उड्या सगळ्या मारल्या, एक सोडली न्हाई. शेवटी वाकून नमस्कार केला तवा कोपराचं रगत फ्रॉकला लागलेलं. देविदास सर पुन्हा करू द्या म्हणून सांगाया गेले. नंबर देणाऱ्या बाईनं इचारलं, पाणी कुणी सांडलं? सर परत आले. त्या बाईचं काही चुकलं न्हाई.

नंबर आला न्हाई, आक्का. पाच पोरींत आपली शेवटची.

येताना गाडी जिंतूरला थांबली. पोरीनं वडा खाल्ला, हात पुसले आन इचारलं, "आई, आत्याकडं कवा जायचं?"

"काहून गं?"

"नंबर न्हाई आला ना."

म्या तिला त्या बोलण्याचं काहीच सांगितलं न्हवतं. कुणाकडून कळलं, तिनं सांगितलं न्हाई आन म्या बी खोदून इचारलं न्हाई. पण तिला ठाव व्हतं. मंजे पडली तवाच तिला कळलं असणार, नंबर गेला, आता सुपारी. तरी उठली. आक्का, मग ती उरलेलं नाचली कशासाठी? हेच माझ्या डोक्यातून जाईना.

शब्द माझा व्हता. तिला न इचारता दिलेला. तो म्या मोडला. सुपारी फुटणार न्हाई, या महिन्यात न्हाई आन बारावीनंतर बी तिला इचारल्याबिगर न्हाई. पंधरा वर्साचं लेकरू हाय ते.

विश्वंभर गुणी पोरगं हाय, त्याच्यात खोट न्हाई. त्याला जाणती पोरगी बघा. त्याच्या लग्नात चुलीपाशी सगळ्यांच्या आधी मी बसन. तुमच्या भावाला बोल लावू नका. ते गाडीत म्हणले, "आक्काला कोण सांगणार?" म्या म्हणलं, मी सांगते.

शिव्या द्यायच्या तर शिरडला या. चहा घ्या आन खुशाल द्या, मी ऐकून घेईन. फक्त पोरीला काही म्हणू नका. तिच्यासाठी मी भांडन, तुमच्यासंगं बी.

आधी सृष्टीची आई, मग तुमची भावजय,
सुमन