देण्याचं झुडूप

१ सप्टेंबर १९३४, शनिवार. ओल्शांका

पोहोचले! टपालवाल्या वालेंतीच्या घोडागाडीतून, अंगभर धूळ आणि मांडीवर माझी जुनी टोपी घेऊन. पेटी उचलताना वालेंतीने विचारलं, बाई, हिच्यात दगड भरलेत काय? पुस्तकं आहेत म्हटल्यावर म्हणाला, मग दगडच बरे होते, दगडांची निदान चूल तरी मांडता येते. तो साठीचा असेल, पण पेटी खांद्यावर टाकून तरण्यासारखा तरातरा चालतो.

मी रोझालियाआजींकडे राहणार आहे. खोलीला ताजा चुना दिलाय, उशीत हंसाची पिसं आहेत. जेवायला बीटचं आंबट सूप आणि काळा पाव होता. आजींची सहा वर्षांची नात यागना ताट सोडून माझ्याकडेच बघत बसली होती. तिचे आईवडील फ्रान्समध्ये खाणीत कामाला आहेत. जेवण झाल्यावर तिने मला हळूच विचारलं, तुम्ही सगळी पुस्तकं वाचलीत, मग आता काय करणार? मी म्हटलं, आता तुला वाचायला शिकवणार.

आई ल्युब्लिनच्या स्टेशनवर आली होती. फुटलेले लाल हात ऍप्रनखाली लपवून उभी होती. अकरा वर्षं तिने परक्यांच्या चादरी धुतल्या, म्हणून आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी पदवी घेतली. तिला स्वतःला अक्षर येत नाही. माझी पत्रं शेजारचा मोची वाचून दाखवणार आहे. गाडी हलताना ती म्हणाली, तोशा, तुला कधी कुणाचं मळकं पाणी उपसायला लागू नये, एवढंच मला हवं होतं. मग खोकला आला आणि पुढचं राहिलं. गेल्या हिवाळ्यापासून तो खोकला जात नाही. पुढच्या हिवाळ्याआधी तो घालवायचाच, असं मी इथे लिहून ठेवते.

५ सप्टेंबर, बुधवार

शाळेत एकतीस मुलं आणि एकतीस शेंबडी नाकं. आत्तापासून ही गत, तर जानेवारीत काय होईल? डॉक्टर वीस किलोमीटरवर. पण औषध तर दारातच उगवतं! प्रत्येक कुंपणाला बेझची झुडपं आहेत. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांच्या छत्र्या आणि आता काळ्या मण्यांचे घोस. त्या फळांचा पाक सर्दी-खोकल्यावर किती गुणकारी असतो, हे कुणाही शहाण्या बाईला माहीत आहे. मी पाक करायचा ठरवलाय. प्रत्येक घरी एक बाटली, आणि पहिली आईला.

अडचण एकच. कुंपणावरची फळं पाखरांनी आणि बायकांनी केव्हाच संपवली आहेत. शाळेमागच्या चरावर मात्र एक झुडूप आहे. झुडूप कसलं, झाडच. घोसांनी फांद्या जमिनीला टेकल्यात. एकही घोस कुणी तोडलेला नाही. गंमत म्हणजे त्याच्यावर पाखरूही बसत नाही.

६ सप्टेंबर, गुरुवार

आजींना विचारलं. हातातली सुई थांबवून त्या म्हणाल्या, पोरी, ते देण्याचं झुडूप आहे. घ्यायचं ते कुंपणावरून, त्याच्यावरून नाही.

इथली रीत अशी. घरात कुणी आजारी पडलं की त्याला आंघोळ घालायची, ते पाणी चरावरच्या झुडपाच्या मुळाशी ओतायचं, आजाराचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ‘हे तुझ्याकडे ठेव, मी परत न्यायला येईन तोपर्यंत.’ आणि परत जायचंच नाही. मी हसून म्हटलं, म्हणजे तुम्ही झुडपाला फसवता! आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, म्हणूनच त्याचं पानही कुणी घेत नाही. पान घेतलं तरी ते न्यायला आल्यासारखंच.

हे मी वहीत नीट उतरवून ठेवलं. वरच्या वर्गाला यावर धडा घेता येईल. मुलं खोकताहेत, औषध समोर लोंबतंय आणि मध्ये एक गोष्ट आडवी उभी आहे. याचा रागही येतो आणि वाईटही वाटतं. आजींना मात्र मी शब्द दिला की कुंपणावरूनच घेईन.

९ सप्टेंबर, रविवार

शब्द मोडला.

कुंपणावर ओंजळभरच मिळाली. सगळं गाव चर्चला गेलं होतं. डोकं दुखतंय असं सांगून मी मागे राहिले आणि चार बादल्या भरल्या. आजींना सांगितलं की पलीकडच्या वाडीतून आणली. खोटं बोलताना गाल तापले, पण बाटल्यांची रांग पाहिली आणि ते विसरले.

काट्याने दाणे सोडवले. देठ आणि हिरवे दाणे निवडून फेकले, कारण ते पोटात गेले तर ओकाऱ्या होतात. कच्चं फळही बाधतं, म्हणून पाऊण तास खळखळून उकळलं. फडक्यातून पिळलं, साखर आणि लवंगा घातल्या, उकळून घेतलेल्या बाटल्यांत भरलं आणि बुचांवर मेण ओतलं. रंग असा, की दिव्यापुढे धरला तरी आरपार काही दिसत नाही. बोटं जांभळी झालीत. यागनाने कढई चाटली आणि तिची जीभही जांभळी झाली. आम्ही दोघी एकमेकींना जीभ दाखवून हसलो.

आईची बाटली वालेंती उद्या नेईल, बाकीच्या मी घरोघरी वाटेन.

१३ सप्टेंबर, गुरुवार

वर्गात एकही नाक वाहत नाही! चार दिवसांत! मार्च्यान्ना नावाची फटकळ बाई कुंपणावरून ओरडली, बाई, नवऱ्याचा आळस जाईल असंही काहीतरी उकळा की! रस्त्याने जाताना लोक टोप्या काढतात. यासाठीच तर मी शिकले.

१७ सप्टेंबर, सोमवार

दहा वर्षांची साबिना आज डावा पाय ओढत शाळेत आली. पडली नाही, लागलं नाही, सूज नाही. पाय नुसता लोंबतोय.

वालेंती पत्रं द्यायला आला होता. त्याने तिला अंगण ओलांडताना पाहिलं आणि तो पायरीवर बसूनच राहिला. म्हणाला, बारा वर्षांचा असताना माझा पाय असाच गेला होता. अगदी असाच, टाच बाहेर. आईने चरावर पाणी ओतलं आणि मी चालायला लागलो. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, फळं कुठली होती, बाई?

मी म्हटलं, पलीकडच्या वाडीची.

१९ सप्टेंबर, बुधवार

यागनाला ताप आलाय. अंगावर तांबडे ठिपके. दुपारी ती बडबडायला लागली. आवाज तिचाच, पण बोलणं लहान मुलीचं नाही: ‘इग्नात्सी, घोडा सोड, बाबा उठतील. इग्नात्सी, मी येणार नाही, तू जा.’

आजींच्या हातातून वाटी पडली. त्यांनी मला ओसरीवर नेलं. म्हणाल्या, एकोणीस वर्षांची असताना मला असाच ताप आला होता आणि मी हेच बोलले होते. माझ्या आईशिवाय ते कुणी ऐकलं नाही आणि ती कधीच गेली. त्रेचाळीस वर्षं इग्नात्सीचं नाव मी पाद्र्यालाही सांगितलं नाही. ते माझ्या नातीच्या तोंडात कुठून आलं, पोरी?

मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, तू सगळ्यांच्या वतीने परत न्यायला गेलीस.

आईची बाटली! नऊ दिवस झाले. लगेच लिहिलं: पिऊ नकोस, ओतून टाक, कारण विचारू नकोस. पण मोची घरी असला तर. त्याने वाचलं तर.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेले. चार घरांत चार निरनिराळे आजार, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, असं म्हणाले. पाकाचा वास घेतला, थेंब चाखला, उत्तम केलाय म्हणाले. म्हणाले, तुमचा काही दोष नाही, तुम्ही शिकलेल्या आहात, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नका. मला किती बरं वाटायला हवं होतं.

गावकऱ्यांनी मुलांच्या आंघोळीचं पाणी पुन्हा चरावर ओतलं. मी पाहिलं. पाणी जिरत नाही. मुळांभोवती काळं डबकं साचलंय आणि कालचं पाणीही तसंच आहे.

२३ सप्टेंबर, रविवार

आठ वर्षांची वेरोनिका गेली. घसा मिटत गेला. हा कुणाचा आजार होता, ते सांगायला कुणी उरलेलं नाही.

परवा ती फळ्यावर स्वतःचं नाव लिहीत होती. र उलटा काढला होता. मी तो पुसलेला नाही.

२४ सप्टेंबर, सोमवार

आजी म्हणाल्या, झुडूप आता घेणार नाही. ज्याने परत मागितलं त्यानेच ठेवून घ्यायचं.

माझा विश्वास नाही. पण मडकंभर पाण्याने यागना बरी होणार असेल तर— मी शाळेतली खुर्ची उचलून चरावर नेली. बूट-मोजे काढले. आजींनी डोळे मिटून यागनाच्या आंघोळीचं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि तापाचं नाव घेतलं. ‘हे तुझ्याकडे ठेव, मी परत न्यायला येईन तोपर्यंत.’ त्या रडत होत्या.

संध्याकाळी यागनाने पाव मागितला.

२६ सप्टेंबर

काल साबिनाचं पाणी. आज आणखी नऊ जणांचं. मुलं उठून धावताहेत. माझा डावा पाय उचलत नाही. ताप आहे. माझ्या ओळखीचा कुणी इग्नात्सी नाही, तरी त्याची आठवण येते.

आईचं पत्र आलं, मोच्याच्या अक्षरात, माझं पत्र पोहोचायच्या आधी लिहिलेलं. बाटली तिने उघडलीच नाही! माझ्या पदवीधर लेकीने हातांनी केलेली पहिली वस्तू आहे, नाताळला तू आलीस की दोघी मिळून उघडू, असं लिहिलंय. मी किती रडले. आई वाचली.

मीही मूर्ख. आनंदाच्या भरात उलट टपाली लिहून बसले, की जरा आजारी आहे. ती ओळ खोडायला हवी होती.

२८ सप्टेंबर

मुलांची मडकी संपली. तरी रांग आहे. आता मोठी माणसं येतात. कंबर, दात, जुना दमा. पलीकडच्या वाडीतलीही. सगळी गोड बोलतात. अंडी आणतात, आलुबुखाराचा केक आणतात. मार्च्यान्ना म्हणाली, बाई, माझी सासू मडक्यात मावत नाही, तिला तशीच आणू का? सगळी रांग हसली. मीही हसले. मागे कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या आहेत हो, त्यांना सोसतं.

मी म्हटलं, आता पुरे. त्यांना ऐकू आलं नाही. किंवा—

एकट्या आजी येत नाहीत. दार लावून बसल्यात.

२९

पाय दिसत नाहीत. चिखल घोट्यांच्या वर आलाय. वालेंती मला ओढत होता, पाय सुटले नाहीत. उगाच हलवू नका, असं लोकांनी त्याला सांगितलं.

बोटांचा जांभळा रंग जात नाही. मनगटापर्यंत चढलाय.

चिमण्या कुंपणावर बसतात. माझ्या बाजूला येत नाहीत.

३० — बहुतेक

यागना लांब उभी राहून वाचून दाखवते. पाटीवरचं पूर्ण वाक्य वाचलं. जवळ ये म्हटलं. म्हणाली, आजीने सांगितलंय, तुमचं काही घ्यायचं नाही. पानसुद्धा नाही.

१

वालेंतीची गाडी. शेजारी कुणी बसलंय. हात ऍप्रनखाली.

नको. देवा, नको.

तिने पाहिलं. रांगेकडे पाहिलं, मडक्यांकडे, माझ्या पायांकडे. लोकांनी वाट करून दिली. मार्च्यान्ना तिला रीत समजावतेय, किती आदराने. आई खोकते आहे आणि ऐकते आहे.

मी सांगतेय, परत जा. आवाज फुटत नाही. म्हणून इथे लिहितेय, पण तिला वाचता— मोची इथे नाही— यागना, तू वाच, तू वाचून दाखव तिला, जवळ ये, हे वाच, ‘आई, हात लावू नकोस’, एवढंच—

ती बाह्या दुमडते आहे. बरोबर आणलेली माझी बाटली बाजूला ठेवली. खुर्चीशी बसली, माझ्यापुढे, माझ्या आणि त्यांच्या मध्ये. त्यांना म्हणते, आणा इकडे, तिला नका देऊ, दुसऱ्यांचं पाणी उपसायची मला सवय आहे.

पहिलं मडकं पुढे आलं. आई, न