अर्थिंगची बादली

मामाजी, काल अंगणात फरशी बसवायला आलेल्या मिस्त्रीने कोपऱ्यातला लोखंडी पाइप दाखवून विचारलं, "बाई, हा कापून टाकू का?" मी इतक्या जोरात "नाही" म्हटलं की त्याच्या हातून थापीच पडली. तुम्ही जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. सून सासऱ्याला पत्र लिहिते ते खुशालीचं. हे तसं नाही, आणि तुम्ही असता तर मी ते लिहायला धजलेही नसते.

मी लग्न होऊन नागपूरच्या या घरात आले तेव्हा घरातली एकूण एक तार तुम्ही स्वतः ओढलेली होती. लाकडी पट्ट्या, त्यांवर ओळीने ठोकलेल्या क्लिपा, जरीपटक्याच्या बाजारातून निवडून आणलेली बटणं. आठवडाभर कारकुनी करणारा माणूस रविवारी स्टुलावर चढला की वेगळाच दिसायचा. नेम मात्र सोवळ्याहून कडक. मेन स्विच बंद केला की फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात. मी एकदा हसले, तर म्हणालात, "हासू नको बाई. मी वर असीन अन् खाली कोणी बटण दाबलं तं? फ्यूज मह्या खिशात असला का जीव मह्याच हाती." हात कोरडे, पायात रबरी चप्पल. टेस्टर आधी चालू तारेला लावून पाहायचा आणि मगच बंद तारेला, कारण टेस्टरही कधी कधी खोटं बोलतो.

पण खरं काम जमिनीत, असं तुम्ही म्हणायचात. अंगणात खड्डा करून पत्रा, कोळसा आणि खडेमीठ पुरलं होतं आणि वर हा पाइप. कूलरच्या लोखंडी अंगात वीज उतरलीच, तर ती हिरव्या तारेने मुकाट जमिनीत जावी म्हणून. मे महिन्यात इथली जमीन शिळ्या भाकरीसारखी वाळते. "रोज एक बादली पाइपात ओतत जाय. जमीन सुकली का अर्थिंग मेलं समज," असं सांगून ते काम तुम्ही माझ्याकडे दिलंत.

नळ सकाळी तासभर यायचा. माणशी एक बादली, त्यात भागवायचं. दुपारी घरातले सगळे कूलरच्या खोलीत आडवे व्हायचे आणि मी चुलीपाशी घामोळ्या खाजवत भांडी आवरायची. एक बादली मातीला आणि मला दुपारी जास्तीचा तांब्याही नाही, हे मला काही पटेना. एके दिवशी ती बादली मी न्हाणीत नेली आणि अंगावर घेतली. मग रोजच. पंधरा दिवस पाइपात थेंब पडला नाही.

आणि मग ती सुटीची दुपार. सासूबाई ओल्या पायांनी आल्या, कूलरला हात लावला आणि किंचाळायलाही त्यांना जमलं नाही. हात चिकटलेला. तुम्ही झेप घेऊन मेन स्विच खाली ओढलात. त्या वाचल्या, पण संध्याकाळपर्यंत त्यांचा हात मांडीवर थरथरत होता आणि मी शेजारी बसून तो चोळत होते.

तुम्ही दिवा लावून अर्थिंग तपासलंत. एक टोक चालू तारेला, दुसरं हिरव्या तारेला. दिवा भगभगीत लागायला हवा होता, तो विझत्या निखाऱ्यासारखा जेमतेम लाल झाला. तुम्ही अंगणात गेलात, पाइपात वाकून पाहिलंत, उरलेलं पाणी आणून ओतलंत. थोड्या वेळाने तोच दिवा लख्ख पेटला. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी पदर सारखा करत बसले.

तुमचा मुलगा घरी आला तेव्हा त्याला म्हणालात, "मह्याच हातून हिरवी तार ढिली राहिली."

"पुरे झालं बाबा," तो म्हणाला. "आज माय वाचली. आता घरातल्या तारेले हात लावायचा नाही."

मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नवी सून सासूच्या जिवावर उठली असं म्हणतील, माहेरी धाडतील, या भीतीने तोंड उघडलं नाही. पुढच्या रविवारी बाहेरचा वायरमन आला. अनवाणी, मेन चालू ठेवून काम करत होता. तुम्ही खुर्चीत बसून पाहत होतात, दोनदा ओठ उघडलेत आणि मिटलेत. टेस्टर तुम्ही फळीवर ठेवून दिलात तो कायमचाच.

पाइपात पाणी घालायचं काम तुम्ही मला पुन्हा सांगितलं नाहीत. कोपऱ्यावरच्या विहिरीवरून स्वतः बादली आणू लागलात. सासूबाई विचारायच्या, "या वयात दोन-दोन खेपा काहून करता?" तुम्ही म्हणायचात, "जमीन लई तहानली आहे." एकच बादली पाइपात जायची. दुसरी दुपारी न्हाणीच्या दाराआड भरलेली सापडायची, वर ताटली झाकलेली.

पाइप मी राहू दिलाय. आज सकाळी त्यात पाणीही घातलं. हे पत्र तुमच्या त्या टेस्टरखाली ठेवते. ती दुसरी बादली कोण आणतं ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, मामाजी. तरी मी एका शब्दाने बोलले नाही, आणि ती रोज अंगावर घेत राहिले.